शीट बनवण्याआधी मागे बसणाऱ्याला विचारा

दोन दिवसांपासून पाऊस लागून आहे. बागेत घोट्याएवढा चिखल, फवारणी बंद. म्हणून आज संत्र्याचं सोडून मोटारसायकलच्या शीटवर लिहितो. हसू नका. आपल्या काटोल-नरखेड पट्ट्यात औषधाचा डबा, दुधाची कॅन, खताची बॅग, नागपूरचं कोर्टकचेरीचं काम, सगळं या शीटवरूनच होते.

सध्या गावातल्या पोट्ट्यांना एक नाद लागला आहे. नवी गाडी आली की महिनाभरात शीट बदलायची. नागपुरात कारागिराला मोबाइलमधला फोटो दाखवतात आणि तशी बनवून आणतात. समोर खोल खड्डा, मागची बाजू विंचवाच्या नांगीसारखी वर. लाल दोऱ्याची चौकटी-चौकटी शिलाई. दिसते छान, खोटं कशाला बोलू? पण त्या फोटोत शीटवर कोणी बसलेलं नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शीट मागे बसणाऱ्याच्या सोयीनं बनवावी. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते, गुडघ्यानं तो टाकी धरतो, खड्डा त्याला आधी दिसतो आणि तो जरासा उठून घेतो. मागच्याला खड्डा कळतो तो कंबरेत बसल्यावर. आणि मागे कोण असते? आई, नाहीतर बायको. लुगडं-साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून. तिला सपाट, लांब जागा पाहिजे आणि धरायला काहीतरी पाहिजे. उतरत्या शीटवर ती ब्रेक लागला की चालवणाऱ्याच्या पाठीवर येते, अन् गाडी उचलली की मागे सरकते.

हे सरकारलाही समजलेलं आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 नंबरचा नियम आहे. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या गाडीला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं कव्हर पाहिजे, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. 1988 च्या कायद्याचं कलम 128 म्हणते की मागचा माणूस पक्क्या बसवलेल्या, नीट शीटवरच बसला पाहिजे. आमचे पोट्टे स्टाइलसाठी सगळ्यात आधी काय काढतात? मागची पकड आणि साडी गार्ड!

आमच्या शेजारच्या घरची गोष्ट सांगतो. पोरगा चांगला आहे, कामाचा आहे. त्यानं अशीच शीट बसवली. त्याची आई दर महिन्याला बीपीच्या गोळ्या आणायला त्याच्यामागे बसून दवाखान्यात जायची. दोन खेपा गेली. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "मले नाही जमत बाप्पा त्याच्यावर बसाले." आता एसटीनं जाते. एसटी सकाळी एकच. चुकली तर गोळ्या पुढच्या दिवशी. पोरगा म्हणतो, "आईले गाडीची भीती वाटते." अरे, दहा वर्षं बसली तेव्हा नाही वाटली, आताच काहून वाटते?

जुन्या गाड्या आठवा. राजदूत असो, 1985 ची हिरो होंडा सीडी 100 असो की 1994 ची स्प्लेंडर, शीट एकसलग, लांब, बरीचशी सपाट. रूप काही नव्हतं, पण दोघं बसून मधात पिशवी मावायची. रेसच्या धाटणीच्या गाड्यांत मागचा तुकडा उंच आणि छोटासा असतो. तिथं चालवणारा टाकीवर वाकून बसतो, त्याला ते शोभते. एकटा फिरणारा असेल तर त्यानं खुशाल तसली शीट घ्यावी. आपल्या गाडीवर ती चिकटवून काय मिळते?

आणखी एक गैरसमज म्हणजे मऊ शीट आरामाची. दुकानात अंगठ्यानं दाबून पाहतात आणि खूश होतात. मऊ स्पंज पंधरा-वीस किलोमीटरमध्ये बसून जातो, मग हाडाखाली सरळ पत्रा लागतो. काटोलवरून नागपूर साठेक किलोमीटर आहे. त्याला घट्ट फोम पाहिजे, वरून पातळ नरम थर चालेल. रुंदी मागच्या बाजूला हवी, मांडीजवळ शीट निमुळती, नाहीतर बुटक्या माणसाचे पाय टेकत नाहीत. आणि समोर उतार नको, माणूस टाकीवर घसरत राहते.

मी मागच्या वर्षी बनवली तेव्हा बायकोला सोबत नेलं. कारागीर हसला. म्हणाला, "काका, शीट बनवायला काकूंना कोण आणते?" मी म्हटलं, मोप तिचंच घ्या. तिला कच्च्या फोमवर बसवलं, तिनं सांगितलं तिथं अर्धा इंच कापलं. कंपनीची शीट तशीच घरी ठेवली, दुसऱ्या पत्र्यावर नवीन बनवली. 1,400 रुपये लागले. एक पोट्टा म्हणाला, "काका, हे शीट आहे का खाट?" खाटच समज बाबा.

आता पोळा जवळ आला. आपल्याकडे आदल्या दिवशी हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतात. झूल, बेगड, घुंगरं दुसऱ्या दिवशी. खांदा सुजलेल्या बैलावर कितीही भारी झूल टाका, पाहणारा पहिले खांदाच पाहते.

शिलाईचं तेवढं सांगायचं राहिलं. चौकटीची शिलाई बसायच्या जागेवर घेऊ नका. प्रत्येक टाक्यातून पाणी आत जाते, फोम पावसाळाभर ओला राहते आणि ऊन पडलं तरी बसल्यावर पँट भिजते. शिलाई बाजूनं घ्या. रेक्झिन काळं कुळकुळीत नको. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा बाजारात तासभर उभ्या गाडीवर बसून पाहा. मी राखाडी रंगाचं घेतलं, तेही तापते, पण बसल्याबरोबर उठावं लागत नाही.