भांडण कोंबड्यांचे, हिशेब आपला

एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून २५ तलंगा आणि ३ नरांचा गट घरी येतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बहुतेक घरी आधीच चार-सहा गावठी कोंबड्या असतात. संध्याकाळी सगळ्या एकाच खुराड्यात कोंबल्या जातात आणि आठवड्याभरात तक्रार येते, ‘नव्या कोंबड्या जुन्यांना जगू देत नाहीत’. कधी नेमकी उलटी. मग कुणी औषध मागतो, कुणी चोच कापायला सांगतो. दोन्हीने मूळ दुखणे जात नाही.

कोण कुणाला टोचणार याची उतरंड कळपात असतेच. नॉर्वेचे थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्ब यांनी शंभर वर्षांपूर्वी ती शास्त्रीय निरीक्षणातून मांडली. उतरंड बसली की कळप शांत होतो. नवा पक्षी आला की ती पुन्हा लागते. पहिल्या काही दिवसांची झटापट म्हणूनच स्वाभाविक आहे. ती रक्तापर्यंत जाते तेव्हा मात्र चूक व्यवस्थेत असते.

आपल्याकडे ही चूक पावसाळ्यात उघडी पडते. एरवी रानोमाळ चरणारी कोंबडी जुलै-ऑगस्टच्या झडीत पडवीत अडकते. किडे, वाळवी, कोवळा पाला तुटतो. वाट्याला येतो भाताचा कोंडा नि मूठभर नाचणी. प्रथिने आणि क्षार कमी पडले, त्यात जागेची अडचण झाली, की पिसे ओढणे सुरू होते. शेपटीच्या मुळाशी उगवणाऱ्या नव्या पिसाच्या कोंबात रक्त असते. कोंब तुटला, लाल थेंब दिसला, की बाकीच्या चोची तिथेच वळतात. अंगावर उवा असतील तर त्रासलेला पक्षी आणखी चिडतो.

म्हणून भेटीला गेलेल्या पशुसखीने किंवा पर्यवेक्षकाने औषधाची पिशवी उघडण्याआधी खुराडे मोजावे. रात्रीच्या निवाऱ्याला मोठ्या पक्ष्यामागे निदान एक ते दीड चौरस फूट जागा हवी. पावसात दिवसही आतच काढायचा असेल तर त्याहून जास्त. मग नर मोजावेत. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. घरी उबवलेले नर वाढत जातात, नवसासाठी राखलेला कोंबडाही कळपातच फिरतो. राखलेला वेगळ्या डालग्याखाली ठेवावा, बाकीचे वेळीच बाजारात न्यावेत. दाणे एकाच जागी न टाकता तीन-चार ठिकाणी पसरावेत. संध्याकाळी कडेला उभ्या राहणाऱ्या कोंबडीची गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. ती रिकामी लागली, तर त्या कोंबडीला दिवसभर कुणी खाऊ दिलेले नाही.

नवा गट आला की आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावा. एकमेकींना दिसाव्यात, पण टोचता येऊ नये. मग अंधार पडल्यावर एकत्र बसवाव्यात आणि सकाळी लवकर उघडून भरपूर जागेत सोडाव्यात. एकटी नवी कोंबडी कधीच सोडू नये. जखमीला त्याच क्षणी वेगळे करून जखमेवर जांभळे औषध लावावे, म्हणजे जंतूही मरतात आणि लाल रंगही झाकला जातो. जखम भरेपर्यंत तिला कळपात परत नेऊ नये. पावसाळ्यात वाळवी, अझोला, शेवग्याचा पाला द्यावा. मीठ द्यायचे तर खाद्यात चिमूटभरच. जास्त झाले तर तेच मारते.

चोच कापण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे : परसबागेत ती कापू नये. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला खाद्य समोर मिळते. पाड्यावरची कोंबडी पायांनी माती उकरून, चोचीनेच किडा वेचून जगते.

एक गोष्ट योजना राबवणाऱ्यांसाठी. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि कळप म्हाताऱ्या माणसांच्या हाती राहतो. प्रशिक्षणाला बोलावताना लाभार्थ्याबरोबर घरी राहणारी आजीही आली पाहिजे. आणि गट देण्याआधी खुराडे पाहा. जागा नसेल तर कमी पक्षी द्या. मेलेल्या पंचवीसांपेक्षा जगलेल्या दहा कोंबड्या त्या घराला जास्त अंडी देतील.