आपली वाहिनी, आपली निवड

तुमची अम्मी पाव किलो भेंडी घ्यायला बाजारात गेली आणि भाजीवाल्याने दोन किलो कारलीही तिच्या गळ्यात मारली, तर ती घेईल का? मग दूरदर्शनच्या वाहिन्यांबाबत आपण गप्प का बसतो?

ग्राहकाच्या अपेक्षा साध्या असतात. जे पाहतो त्याचेच पैसे द्यावे लागावेत, भाव आधी कळावा, पावती मिळावी आणि तक्रारीची लवकर दखल घेतली जावी. पूर्वी केबलवाला देईल त्या वाहिन्या मुकाट्याने घ्याव्या लागत. 'ट्राय' या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांमुळे २०१९ पासून हवी ती वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमतही जाहीर करावी लागते.

तरीही पुष्कळ घरांत न पाहता वाहिन्यांचा तयार गठ्ठा घेतला जातो. कधी गठ्ठाच स्वस्त पडतो, हे खरे. पण हिशोब केल्याशिवाय ते कळणार कसे?

म्हणून आज घरी यादी घेऊन बसा. खरोखर पाहता त्या वाहिन्यांवर खूण करा. किमतींची बेरीज करा, जोडणीचे शुल्क मिळवा आणि बिलाशी ताडून पाहा. हक्क नियमाने मिळतो. तो वापरावा मात्र आपणच लागतो.