बांधावरची बाभूळ सरपणाच्या भावात का जाते?

शेतातील उभी बाभूळ विकण्याची रीत बहुतेक गावांत सारखीच असते. व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारून अंदाजाने आकडा सांगतो, सौदा ठरतो आणि दोन दिवसांत झाड ट्रॉलीत भरून निघून जाते. शेतकऱ्याच्या हाती पडतो तो जळाऊ लाकडाचा भाव. याच बाभळीच्या बुंध्यातून सुतार पूर्वी गाडीचे तुंबे, नांगर आणि वखर घडवत असत. आज तिच्या फळ्यांपासून फर्निचरही बनते. सरपण आणि इमारती लाकूड यांतील अंतर मुख्यतः तोडीनंतरच्या काही महिन्यांत पडते, आणि कृषिविस्ताराचे लक्ष नेमके या महिन्यांकडे नाही.

राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण 2014 साली आले. पुढे ‘हर मेढ पर पेड’ हे घोषवाक्य घेऊन उपअभियानही सुरू झाले. रोपे किती वाटली आणि किती जगली, याची नोंद ठेवली जाते. पंधरा-वीस वर्षांनी त्या झाडाचे लाकूड कसे उतरवावे, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. छत्तीसगडात भाताच्या बांधांवर बाभूळ राखण्याची परंपरा जुनी आहे. तेथील शेतकऱ्याला लागवड शिकवण्याची गरज नाही, त्याला पुढचे मार्गदर्शन हवे आहे.

बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे 800 किलो भरते. अंजनाचे तर हजाराच्या वर जाते, म्हणून ते पाण्यात बुडते. इतक्या घट्ट लाकडातून ओल सावकाश बाहेर पडते. बाहेरचा थर सुमारे 30 टक्के ओलाव्याच्या खाली गेला की आकसू लागतो, आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, आणि लाकूड फाटते. कापलेल्या टोकांतून ओल बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जाते. भेगा तेथूनच आत शिरतात.

म्हणून तोडीचा हंगाम महत्त्वाचा. शेत मोकळे असते म्हणून उन्हाळ्यात झाड तोडणे सोयीचे वाटते, परंतु एप्रिल-मेच्या झळांत ताजा ओंडका उघड्यावर टाकणे म्हणजे त्याचे मोल स्वतःच कमी करणे होय. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या आरंभी तोड केल्यास लाकडाला सौम्य हवेचे काही महिने मिळतात. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना डांबर, मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड लावावा. ओंडका गोल ठेवून वाळवण्यापेक्षा ओला असतानाच चिरून घ्यावा. वाळलेली बाभूळ करवतीची धार लवकर घालवते, हे सॉ मिलवाले सांगतातच. मधला गाभा एका फळीत बंद राहू नये, अशी चिराई करून घ्यावी.

थप्पी जमिनीपासून हातभर उंच, छपराखाली आणि वारा खेळेल अशी रचावी. फळ्यांच्या दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर, एकाखाली एक सरळ रेषेत याव्यात. त्या वाकड्या पडल्या तर फळीही वाकडी वाळते. वरून दगडांचे वजन द्यावे. ओलावामापक नसला तरी चालते: एक नमुना फळी दर पंधरवड्याला तोलावी, वजन घटणे थांबले की लाकूड त्या गावाच्या हवेशी जुळले. त्या गावाच्या, हे लक्षात ठेवावे. भारतीय मानकाने लाकडातील ओलाव्यासाठी देशाचे चार हवामान विभाग पाडले आहेत ते याचसाठी. कोकणात वाळलेली फळी राजस्थानात गेल्यावर आणखी आकसते.

किडीचा प्रश्न वेगळा. बाहेरच्या पांढऱ्या रसकाष्ठात पिष्ट असते आणि भुंगेरे त्यावरच येतात. सालही त्यांना आसरा देते. त्यामुळे साल लगेच सोलावी. पूर्वी ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवत, त्यामागे पिष्ट निघून जावे हा हेतू असे. ही रीत चांगली आहे, पण प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात ती करू नये. कागद फाटला तर लाकडाच्या नफ्यापेक्षा तळ्याची दुरुस्ती महाग पडेल.

खरा आक्षेप पैशाचा आहे. झाड विकले जाते ते लग्नासाठी, दवाखान्यासाठी, अडीनडीला. अशा घराला वर्षभर थांबा म्हणणे सोपे नाही, आणि तसे म्हणूही नये. मात्र फांद्या आणि वाकडे तुकडे लगेच सरपणात देऊन फक्त सरळ बुंधा राखता येतो. दोन-तीन झाडांसाठी कोणी छप्पर बांधणार नाही, हेही खरे. शेतकरी उत्पादक कंपन्या धान्यासाठी गोदामे उभारतात. त्यांच्याच आवारात एक उघड्या बाजूंची शेड आणि सभासदनिहाय नोंदवही ठेवली, तर बुंधा जमा होताच काही उचल देणेही त्यांना शक्य व्हावे. विस्तार कार्यकर्त्याने हा प्रस्ताव कंपनीच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे.

त्याच बैठकीत कागदपत्रांचीही चर्चा व्हावी. तोड आणि वाहतुकीचे नियम राज्यागणिक आणि झाडागणिक बदलतात. 2023 च्या अखेरीस देशव्यापी वाहतूक परवान्याची ऑनलाइन सोय सुरू झाली, तरी स्थानिक नियम पाहावेच लागतात. वर्षभर वाळवलेली फळी बाहेर निघेल तेव्हा ती कोणत्या गटातील कोणत्या झाडाची, हे दाखवणारा कागद तोडीच्या दिवशीच तयार असला पाहिजे.