आईचे आडनाव कोणत्या रकान्यात?

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. फॉर्म, रकाने आणि शिक्के यांत आमची वीस वर्षे गेली. त्यामुळे आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बायकोमुलांसह स्पेनमधील वालेन्सिया शहरी गेला आणि त्याने फोनवर पहिली अडचण सांगितली ती फॉर्मची, याचे आम्हास नवल वाटले नाही.

तिकडे घर भाड्याने घेतले की नगरपालिकेत जाऊन रहिवासी म्हणून नाव नोंदवावे लागते. पासपोर्ट आणि भाडेकरार दाखवला की दाखला मिळतो. मुलांची शाळा, दवाखान्याचे कार्ड, सगळे त्या दाखल्यावर. आपल्याकडे रेशनकार्डाने जी कामे केली, तीच समजा. फरक एवढाच की तिथल्या फॉर्मवर नावाचा रकाना एक आणि आडनावाचे रकाने दोन.

भावाने शाळेच्या फॉर्मवर आपल्या सवयीप्रमाणे ओळीने भरले : मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. झाले! वडिलांचे नाव हे मुलीचे पहिले आडनाव ठरले. भावजयीने स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव लिहिले. म्हणजे मायलेकींची दोन्ही आडनावे तंतोतंत सारखी, कागदोपत्री दोघी सख्ख्या बहिणी! आणि भावाचे पहिले आडनाव काय, तर आमच्या वडिलांचे नाव. बिचारा स्वतःच्याच घरात पाहुणा ठरला.

आम्ही हसलो, पण आतून काळजी वाटली. नावातल्या एका अक्षराच्या फरकापायी किती पोरांना प्रतिज्ञापत्र आणि गॅझेटसाठी हेलपाटे घालावे लागतात, ते आम्ही रोज पाहतो. दवाखान्याचे कार्ड पासपोर्टप्रमाणे आणि शाळेचा दाखला वेगळा, हे उद्या अंगाशी येणार. "आजची रजा टाक आणि आधी शाळेत जा," असे आम्ही त्याला खडसावले. त्याने तसे केले. ज्यांची मुले परदेशी जाणार असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे : पासपोर्टवर नाव आणि आडनाव जसे तोडले आहे तसेच सर्वत्र लिहावे, दुसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

तिथली रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. मुलाला एक आडनाव बापाकडून आणि एक आईकडून. लग्न झाले म्हणून बाई आडनाव बदलत नाही. म्हणूनच नवराबायकोचे आडनाव एक दिसले की "तुम्ही भाऊबहीण का?" असे विचारतात. भावजयीला हे दोनदा विचारून झाले. पूर्वी बापाचे आडनाव आधी असे. 1999 च्या कायद्याने आईवडिलांच्या संमतीने आईचे पुढे ठेवता येऊ लागले आणि 2017 पासून बापाचा आपोआप पहिला मान गेला. आपल्या महाराष्ट्रातही 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सरकारने बंधनकारक केले. उशिरा का होईना! आता आईचे आडनाव म्हणजे तिच्या बापाचेच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रकाना तरी आहे.

आडनाव ऐकून समोरचा क्षणभर थांबतो आणि मग गाव विचारतो, हा अनुभव भावाला तिथल्या माणसांकडून आला नाही. आला तो एका भारतीय कुटुंबाच्या जेवणावळीत.

बाकी दिनक्रमाला वर्ष गेले. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊ-दहाला. जूनमध्ये सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो, पोरे झोपणार कशी? पाच-सहाला मुलांना 'मेरिएंदा', म्हणजे मधले खाणे. शाळेच्या फाटकाशी आजी-आजोबांची गर्दी असते. भावजय म्हणाली, "दादा, त्या आज्या पाहिल्या की आईंची फार आठवण येते." शाळेत स्पॅनिश आणि तिथली वालेन्सियन अशा दोन भाषा, घरी मराठी. दवाखान्यात आईच्या वतीने बोलते ती दहा वर्षांची पुतणी. हे आम्हास तितकेसे बरे वाटत नाही. भावजयीने आता संध्याकाळचा भाषावर्ग धरला आहे.

परवा पुतणीचाच फोन आला. "मोठे काका, शाळेत वंशवृक्ष काढायचा आहे. आजीचे दुसरे आडनाव काय?" म्हणजे आमच्या आईच्या आईचे माहेरचे आडनाव. आम्हास येईना. आई आता नाही. म्हणून गावी मावशीला फोन लावला. ती नव्वदीला टेकलेली. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "बाळा, आईला समदी 'वडगावची' म्हणत. आडनाव कुणी इचारलंच न्हाई."

आम्ही पुतणीला तसेच कळवले. तिने त्या रकान्यात 'वडगाव' लिहिले. बाईंनी चूक काढली नाही. म्हणाल्या, आमच्याकडेही पुष्कळ आडनावे गावांवरूनच पडली आहेत.