वहीपूजन घरोघरी व्हावे

आश्विन वद्य त्रयोदशीस आपल्या घरी धने-गुळाचा नैवेद्य दाखविला जातो, धनाची पूजा होते, आणि धन्वंतरीची जयंतीही त्याच दिवशी असते. सायंकाळी दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावावयाचा, तोही याच तिथीस. धन, आरोग्य आणि अपमृत्यूचे भय या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच दिवसाच्या पदरात बांधून दिल्या, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्या घरात येत्या महिन्याच्या खर्चाची धास्ती आहे, त्या घरच्या कर्त्या माणसास झोप लागत नाही, पुढ्यातले अन्न गोड लागत नाही, आणि लेकरांवर विनाकारण डाफरणे होते. हे सांगावयास वैद्य लागत नाही.

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने युधिष्ठिरास विचारले की, सुखी कोण? धर्मराजाने राजवाड्याचे किंवा सुवर्णाचे नाव घेतले नाही. जो उशिरा का होईना, पण आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्या शिरावर ऋण नाही आणि ज्यास पोटासाठी परमुलूख गाठावा लागत नाही, तो सुखी, असे त्याचे उत्तर आहे. वनवासात असलेल्या, द्यूतात सर्वस्व हरलेल्या माणसाचे हे उत्तर आहे, म्हणून त्यास विशेष वजन आहे असे आम्हांस वाटते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी मंडळी नव्या वह्या पाटावर मांडतात, त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि मग नव्या वर्षाचा व्यवहार सुरू करतात. आपण गृहस्थ मात्र पाटावर नाणी मांडतो, दागिने मांडतो, लाह्या-बत्तासे ठेवतो. वही मांडत नाही. कारण घरात वहीच नसते! वर्षभरात किती आले, किती गेले, कोणाचे देणे राहिले, हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि पुष्कळदा त्याच्याही डोक्यात नसते.

पूजेत नवी केरसुणी ठेवण्याची आपली चाल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. घरातील सर्वांत स्वस्त वस्तू, पण तीच लक्ष्मी मानली जाते. आणि तिचे काम काही आणण्याचे नव्हे, बाहेर काढण्याचे आहे. अलक्ष्मी म्हणजे दारिद्र्य असे आपण समजतो. आजच्या मध्यम स्थितीच्या घरात ती दारिद्र्याच्या वेषात क्वचितच येते. ती हप्त्यांच्या वेषात येते, आणि बहुधा दिवाळीतच येते. 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी पाहून दूरचित्रवाणी संच घरी येतो, त्यामागून नवा फोन येतो. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, ते व्याज बहुधा प्रक्रिया-शुल्काच्या किंवा अन्य नावाखाली वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर याहून भारी. महिना साडेतीन टक्के हा आकडा कानाला हलका लागतो. बाराने गुणला की तो वर्षाला बेचाळीस टक्के होतो. गावच्या सावकाराला नावे ठेवणारे आपण हे व्याज निमूटपणे भरतो, आणि ज्या सणासाठी कर्ज काढले त्याचे फराळाचे डबे रिकामे झाल्यावरही ते भरत राहतो.

येथे कोणी म्हणेल की, सणासुदीला पैशाच्या गोष्टी कशाला? आपल्या संतांनी तर धन मातीसमान मानले. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास उत्तर देणे भाग आहे. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण सर्वजण सांगतो. तिचा आधीचा भाग सांगावयाचे मात्र राहून जाते. परंपरा असे सांगते की, धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते प्रथम वेगळी काढून त्याच्या स्वाधीन करण्यात आली, आणि तुकोबांनी केवळ आपल्या वाट्याची बुडविली. वाटणी आधी झाली, विसर्जन नंतर. आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे चोख ठाऊक असल्यावाचून तो त्यागही शक्य झाला नसता.

बलिप्रतिपदेची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. वामनाने त्रिपाद भूमी मागितली तेव्हा शुक्राचार्यांनी बळीस जे सांगितले ते भागवताच्या अष्टम स्कंधात आले आहे. वित्ताचे पाच भाग करावे: एक धर्मासाठी, एक कीर्तीसाठी, एक धन वाढविण्यासाठी, एक स्वतःच्या उपभोगासाठी आणि एक स्वजनांसाठी, आणि ज्या दानाने आपली उपजीविकाच बुडते, ते दान प्रशंसनीय नव्हे. बळीने गुरूचे ऐकले नाही, दिलेला शब्द पाळला, आणि म्हणूनच आपण त्याचे राज्य येवो असे म्हणतो. पण बळी हा बळी होता. चाळीत किंवा दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या प्रापंचिकास शुक्राचार्यांचा हिशेबच अधिक उपयोगी आहे, असे म्हणण्याने भक्तीस उणेपणा येत नाही. त्या पाच भागांत उपभोगालाही स्थान आहे, हेही विसरू नये. मुलांना फटाके-कपडे नाकारून कुढत साठविलेला पैसा हा काही धर्म नव्हे.

धन वाढवावे कोठे, याविषयी फार लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, सारे एकाच हंड्यात ठेवू नये. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. दिवाळी महिन्यावर आली होती. ज्यांची निवृत्तीची सारी पुंजी तेथेच होती, त्यांच्या घरी त्या वर्षी कसले दिवे लागले असतील! २०२० सालापासून ठेवींवरील विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत आहे. त्यापलीकडची रक्कम दोन ठिकाणी विभागणे हे अविश्वासाचे नव्हे, शहाणपणाचे काम आहे. आणि धनत्रयोदशीचे सोने? शकुनाचे गुंजभर जरूर घ्यावे. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखापार गेल्यावरही कर्ज काढून सोने घेणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांनी लक्ष्मी घरी आणली की गहाण टाकली, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

आम्हांस सर्वांत अधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. ज्या स्त्रीला आपण गृहलक्ष्मी म्हणतो, तिला घरातील धन कोठे आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. ती तांदळाच्या डब्यात नोटा जपते, भिशीचा हिशेब पैन् पै सांगते, पण पतीची ठेव कोणत्या बँकेत, विम्याची पॉलिसी कोणत्या कपाटात, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे तिने विचारलेले नसते आणि त्याने सांगितलेले नसते. एके दिवशी तो जातो, आणि तेराव्याच्या आत तिला कागदांचे गठ्ठे उलगडत बसावे लागते. दहा वर्षे कोणी दावा न केलेल्या बँकांतील ठेवी रिझर्व्ह बँकेकडील निधीत जमा होतात; अशा ठेवी शोधण्यासाठी त्या बँकेला २०२३ साली 'उद्गम' नावाची निराळी सोय संगणकावर करावी लागली. पतीचा हेतू वाईट नसतो. तिला काळजी नको, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तिची काळजी तो केवळ पुढे ढकलत असतो.

तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाण्यांशेजारी एक साधी वही ठेवावी. पहिल्या पानावर श्री लिहावे, दुसऱ्यावर ठेवी, विमा, घराचे कागद आणि वारसांची नावे, तिसऱ्यावर सारी देणी, अगदी वाण्याच्या उधारीसह. पाडव्यास पत्नीने ओवाळले की ओवाळणीबरोबर ती वही तबकात घालावी, आणि फराळ आटोपल्यावर दोघांनी ती एकत्र वाचावी. तिसरे पान वाचताना थोडी बोलाचाली होईल. ती होऊ द्यावी.