बांबूचे वस्त्र कोणाच्या हिताचे?

लाकडाच्या लगद्यापासून सूत काढण्याची विद्या नवी नाही. नागदा येथे १९५४ पासून व्हिस्कोज तंतू निघत आहे. परंतु कापसाला लागणारे पाणी व औषधे आणि खनिज तेलापासून होणारे कृत्रिम धागे यांना पर्याय म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींकडे आज जगाचे लक्ष लागले असता, बांबूने समृद्ध अशा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांकडे वस्त्रोद्योगाची दृष्टी वळावी, यात नवल नाही. या विचाराचे आम्ही स्वागतच करू. मात्र दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळावयास हवीत.

पहिला प्रश्न तंत्राचा. ‘बांबूचे कापड’ म्हणून जे मऊ वस्त्र बाजारात मिळते, ते बहुधा व्हिस्कोजच असते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात आणि गंधकाम्लाच्या द्रावणात तंतू ओढतात. यांतील कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जातंतूंना घातक आहे. केरळात मावूर येथे १९६३ साली बांबूचा असाच लगदा करू लागलेल्या कारखान्याने चालियार नदीची काय दशा केली, हे विसरून कसे चालेल? लायोसेल पद्धतीत विद्रावक जवळजवळ संपूर्ण परत मिळविता येतो. ती महाग खरी. पण वर्धा आणि वैनगंगा नासविण्याहून स्वस्तच म्हणावयाची!

दुसरा प्रश्न मालकीचा. बल्लारपूरच्या कागद गिरणीने या अरण्यांतील बांबू वर्षानुवर्षे नेला. तो तोडणाऱ्यांच्या पदरी मजुरीखेरीज काय पडले? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले. तरीही धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर वाहतूक परवाने हाती पडावयास एप्रिल २०११ उजाडला. कायदा करणे आणि तो पाळणे यांत एवढे अंतर असेल, तर नव्या उद्योगाच्या आश्वासनांवर वनवासींनी विश्वास का ठेवावा?

म्हणून बांबू ग्रामसभेकडून, तिने ठरविलेल्या भावानेच घेतला पाहिजे. वनाबाहेरील बांबू २०१७ मध्ये ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. तेव्हा पडीक जमिनी व बांध यांवर लागवड वाढवावी, मिश्र अरण्य तोडून एकसुरी लावणी करू नये. आरमोरीकडील ढिवर ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पिढ्यान्‌पिढ्या पोशीत आले आहेत. झाड उभे ठेवूनही अरण्य वस्त्र देते, हे त्यांनी कधीच दाखविले आहे.

वस्त्र लाज राखण्यासाठी असते. अरण्य उघडे पाडून विणलेले वस्त्र कोणाचीच लाज राखणार नाही.