पाळणा आणि तराजू

ग्रामविकासाच्या योजना आखणारी मंडळी प्रायः तीन निरनिराळ्या वह्या घालतात. एका वहीत अन्नधान्य, दुसरीत औषधोपचार, तिसरीत लोकसंख्या. प्रत्येक वहीचा अधिकारी निराळा आणि निधीही निराळा. घरातील माऊलीला मात्र एकच चूल असते आणि एकच मांडी. तिच्या लेखी भूक, ताप आणि पाळणा ही परस्परांपासून वेगळी दुःखे नव्हेत. वाचकहो, या तिहींचा संबंध कसा आहे, ते आज पाहू.

अशक्त मातेच्या पोटी पुष्कळदा कमी वजनाचे मूल जन्मास येते. अशा मुलाला हगवण लवकर जडते. हगवणीत खाल्लेले अंगी लागत नाही, आणि अंगी न लागल्यामुळे पुढचा आजार अधिकच जोराने बसतो. मूल दगावले की अंगावर पाजणे एकाएकी थांबते, आणि त्या पाजण्यामुळे दोन बाळंतपणांत जे अंतर राहिले असते तेही नाहीसे होते. खंगलेली माता थोड्याच अवधीत पुन्हा गर्भवती होते. शिवाय ‘चार झाली तर दोन तरी हाती लागतील’ असा हिशेब ज्या घरास करावा लागतो, तेथे लहान कुटुंबाचा उपदेश कोणाच्या गळी उतरणार?

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम स्वीकारला. असे करणारा तो जगातील पहिला देश होय. पुढे मात्र ठरवून दिलेला आकडा गाठणे हेच ध्येय होऊन बसले. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील पुष्कळशा दडपणाखाली झाल्या. माणसाच्या प्रतिष्ठेचा त्यात अवमान तर झालाच, पण योजनेचाही हेतू साधला नाही. लोकांचा विश्वास उडाला आणि पुढच्याच वर्षी हा आकडा दहा लाखांच्या आसपास कोसळला.

याच्या उलट वाट महाराष्ट्रातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्याने दाखविली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे गेले. लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती. ती अन्नाची व पाण्याची होती. म्हणून कामाचा आरंभ लहान मुलांच्या सामुदायिक भोजनापासून आणि कूपनलिकांपासून झाला. मग गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होत्या. त्या मुलांचे वजन करीत, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी पाजावयास शिकवीत, बाळंतपणे सुखरूप पार पाडीत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ च्या सुमारास तेथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत असत. १९९६ च्या सुमारास ही संख्या २६ वर आली. त्याच काळात जन्मदर हजारी ४० वरून सुमारे २० वर उतरला. पोटचे मूल जगते, हा भरवसा आईबापांना आला, आणि पाळणा लांबविण्याचा विचार त्यांनी आपण होऊन केला.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी दोनच अपत्ये आढळली. तरीही पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा व चौरस आहार मिळत होता. म्हणजे संख्या घटली, पण भूक आपोआप हटली नाही. ‘मुले कमी झाली की सारे सुरळीत होईल’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे अवश्य विचारात घ्यावेत.

आपल्या हाती काय आहे? पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. सातव्या महिन्यापासून दुधाबरोबरच मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे यांपैकी जे घरी असेल ते दिवसातून दोन-तीन वेळा भरवावे, आणि भातावर चमचाभर तूप किंवा तेल घालावे. गर्भवती सुनेचे ताट सर्वांच्या शेवटी वाढले जाऊ नये. याची जबाबदारी सासूबाईंइतकीच घरच्या कर्त्या पुरुषाचीही आहे. अंगणवाडीत दर महिन्यास मुलाचे वजन करून घ्यावे. ते वाढत नसेल तर आजाराची वाट न पाहता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आणि ग्रामसभेत रस्ता व गटार यांचा प्रश्न निघेल, तेव्हा आणखी एक प्रश्न निघू द्यावा: गावातील किती मुलांचे वजन गेल्या तीन महिन्यांत वाढलेले नाही, आणि त्यांच्यासाठी यंदाच्या आराखड्यात काय तरतूद आहे? हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. तो विचारण्याचा अधिकार गावातील प्रत्येक आईला आहे.